सँगमन काउंटीच्या मातीतले राजकारणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणे येतात. कोणी शिकागोहून, कोणी सेंट लुईसहून, कोणी थेट पुण्या-नाशिकहून. स्प्रिंगफील्डला आलं की अब्राहम लिंकन यांची समाधी बघायची हे ठरलेलंच. मी त्यांना ओक रिज दफनभूमीत घेऊन जाते. जाताना सगळे एकच नाव घेऊन निघतात, पण परतताना गाडीत दहा नावांची चौकशी सुरू होते. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एकदा नीट लिहून काढावेत असं वाटलं. माझं म्हणणं एवढंच आहे: लिंकन आपल्याला लहानपणापासून एकट्या महापुरुषासारखे भेटतात. इथं या मातीत ते एकटे नाहीत. त्यांना पाडणारे, त्यांनी पाडलेले, त्यांना वकिली शिकवणारे आणि पुढे विरोधी पक्षात गेलेले, असे सगळे जवळपासच आहेत.

ही काउंटी कुठे आली? काउंटी म्हणजे आपला जिल्हा का?

सँगमन काउंटी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, बरोबर मध्यावर आहे. शिकागोहून नैऋत्येला साधारण २०० मैल. गाडीनं तीन-साडेतीन तास, आणि रेल्वेही येते. काउंटीचं मुख्य ठिकाण स्प्रिंगफील्ड, तेच राज्याच्या राजधानीचं शहर. लोकसंख्या सुमारे २ लाख. इलिनॉयमध्ये अशा १०२ काउंट्या आहेत. कारभाराच्या दृष्टीनं काउंटीला जिल्हा म्हणता येईल, पण माणसांच्या संख्येनं ही आपल्या एखाद्या लहान तालुक्याएवढीच. म्हणूनच इथल्या राजकारणात सगळे एकमेकांना ओळखायचे. आजही कबरींवरची आडनावं वाचत गेलात तर निम्मे लोक एकमेकांचे सोयरे निघतात.

राजकारण्यांच्या कबरी एकाच दफनभूमीत आहेत का?

बहुतेक ओक रिजमध्ये आहेत. ही दफनभूमी शहराच्या उत्तरेला, ३६५ एकरांवर, टेकड्या आणि जुन्या ओक झाडांमध्ये पसरलेली आहे. अमेरिकेत आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीनंतर सगळ्यात जास्त लोक इथंच येतात असं सांगतात. २४ मे १८६० ला तिचं उद्घाटन झालं, तेव्हा मुख्य भाषण केलं स्प्रिंगफील्डचे माजी महापौर जेम्स कॉन्कलिंग यांनी. ते लिंकन यांचे जवळचे स्नेही. लिंकन यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळून तेव्हा सहाच दिवस झाले होते. पाच वर्षांत ही जागा कशासाठी ओळखली जाईल, हे त्या दिवशी कोणाच्या मनातही आलं नसेल.

शहराबाहेर कॅम्प बटलर ही राष्ट्रीय दफनभूमी आहे, ती सैनिकांची. आणि काउंटीच्या पश्चिम भागात प्लेझंट प्लेन्स नावाचं छोटं गाव आहे, तिथं एक महत्त्वाची कबर आहे. तिच्याबद्दल शेवटी सांगते.

एक दफनभूमी मात्र आता उरलेली नाही. पूर्वी शहरातल्या लोकांना हचिन्सन दफनभूमीत पुरत. तिथल्या कबरी हळूहळू ओक रिजला हलवल्या आणि त्या जागेवर १९१७ मध्ये स्प्रिंगफील्ड हायस्कूल उभं राहिलं. लिंकन यांचा चार वर्षांचाही न झालेला मुलगा एडी १८५० साली गेला, तो आधी तिथंच होता.

लिंकन वारले वॉशिंग्टनला, मग त्यांना इथं का आणलं?

त्यांच्या पत्नी मेरी यांनी हट्ट धरला म्हणून. १५ एप्रिल १८६५ ला सकाळी लिंकन गेले. २१ एप्रिलला वॉशिंग्टनहून रेल्वे निघाली आणि सोळाशेहून जास्त मैल फिरून ३ मे रोजी स्प्रिंगफील्डला पोचली. त्याच गाडीत दुसरी एक लहान शवपेटी होती, त्यांचा मुलगा विली याची. तो १८६२ मध्ये व्हाइट हाउसमध्ये अकराव्या वर्षी गेला होता. बापलेक एकाच गाडीनं घरी आले.

शहरातल्या पुढाऱ्यांना ही समाधी गावाच्या मध्यभागी हवी होती. त्यांनी मेदर कुटुंबाची जागा ठरवून तिथं घाईघाईनं बांधकामही करून घेतलं. मेरी यांनी साफ नकार दिला. गावाबाहेरच्या शांत ओक रिजमध्येच पुरायचं, नाहीतर दुसऱ्या शहरात नेऊ, असं त्यांनी बजावलं. शेवटी ४ मे १८६५ रोजी ओक रिजमधल्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या तात्पुरत्या दगडी घरात पेटी ठेवली. ते दगडी घर अजून आहे. पाहुणे बहुधा तिकडे जात नाहीत, पण मी मुद्दाम नेते. आणि मेदर यांची ती जागा? तिथं आज इलिनॉयचं विधानभवन उभं आहे.

नवरा गोळीनं गेलेला, दोन मुलं आधीच गेलेली, आणि गावातले प्रतिष्ठित पुरुष एका बाजूला. त्या अवस्थेत ही बाई एकटी ठाम राहिली. इतिहासानं मेरी लिंकन यांना फार बोल लावले आहेत. त्या टेकडीवर उभं राहिलं की त्यांचा निर्णय किती योग्य होता हे मला दरवेळी जाणवतं.

आपल्या काउंटीत तर लिंकन फारच लोकप्रिय असतील?

नव्हते, आणि हे ऐकून प्रत्येक पाहुणा चकित होतो. १८६० मध्ये ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, पण सँगमन काउंटीत त्यांना स्टीफन डग्लस यांच्यापेक्षा थोडी कमी मतं पडली. १८६४ मध्ये यादवी युद्धाच्या काळात दुसऱ्यांदा निवडून आले, तेव्हाही काउंटीनं विरोधकाला, म्हणजे मॅक्लेलन यांना आघाडी दिली. घरच्या काउंटीत दोनदा मागे पडलेला माणूस आज त्याच काउंटीची ओळख आहे.

त्यांची सुरुवातही पराभवानंच झाली होती. १८३२ मध्ये राज्य विधिमंडळासाठी उभे राहिले, तेव्हा १३ उमेदवारांत आठवे आले. निवडून येणार होते चार. त्यांच्या न्यू सेलम या वस्तीत मात्र ३०० पैकी २७७ मतदारांनी त्यांना मत दिलं. ओळखणाऱ्यांनी भरभरून दिलं आणि न ओळखणाऱ्यांनी विचारलंही नाही. पुढं १८३४ पासून चार वेळा ते निवडून आले. राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफील्डला आणण्याचं जे राजकारण झालं, त्यात सँगमनच्या नऊ उंच आमदारांच्या गटाचे ते पुढारी होते. स्प्रिंगफील्डला राजधानीपण मिळालं ते त्यामुळं.

लिंकनखेरीज एकच कबर बघायची असेल तर कोणाची?

जॉन टॉड स्टुअर्ट यांची. याचं उत्तर मी जरा सविस्तर देते, कारण या एका माणसाभोवती काउंटीचं पन्नास वर्षांचं राजकारण फिरतं.

स्टुअर्ट मेरी लिंकन यांचे आतेभाऊ. तरुण लिंकन यांना कायदा वाचायला पुस्तकं दिली ती यांनी, वकील व्हायचा सल्ला दिला तोही यांनीच. १८३७ मध्ये लिंकन स्प्रिंगफील्डला आले, ते स्टुअर्ट यांचे भागीदार म्हणून. पुढच्याच वर्षी स्टुअर्ट व्हिग पक्षाकडून अमेरिकी काँग्रेससाठी, म्हणजे तिथल्या संसदेसाठी, उभे राहिले. समोर डग्लस. प्रचारात दोघांची मारामारी झाली आणि डग्लस यांनी स्टुअर्ट यांचा अंगठा चावला, असं सांगतात. ३६ हजारांहून जास्त मतांच्या त्या लढतीत स्टुअर्ट अवघ्या ३६ मतांनी जिंकले. ते वॉशिंग्टनला गेले आणि कचेरी सांभाळायला मागे राहिले लिंकन.

मग व्हिग पक्ष फुटला. लिंकन रिपब्लिकन झाले, स्टुअर्ट झाले नाहीत. गुलामगिरीच्या प्रश्नावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १८६२ च्या निवडणुकीत, म्हणजे लिंकन राष्ट्राध्यक्ष असताना, त्यांच्या घरच्या मतदारसंघात त्यांच्या पक्षाचे उमेदवार होते लेनर्ड स्वेट, लिंकन यांचे जिवलग मित्र. त्यांच्याविरुद्ध डेमोक्रॅट म्हणून उभे राहिले स्टुअर्ट. आणि स्टुअर्ट जिंकले. ज्यानं वकील केलं, त्यानंच आपल्या गावची जागा काढून घेतली. लिंकन यांना ते किती लागलं असेल!

आता पुढचं ऐका. १८६४ मध्ये स्टुअर्ट पुन्हा उभे राहिले. त्यांना पाडलं शेल्बी कलम या तरुण रिपब्लिकननं. कलम स्प्रिंगफील्डला कायदा शिकायला आले होते, ते स्टुअर्ट यांच्याच कचेरीत. म्हणजे एका शिष्याच्या पक्षाला गुरूनं हरवलं आणि दोन वर्षांनी गुरूला दुसऱ्या शिष्यानं. तिघंही आज ओक रिजमध्ये आहेत.

लिंकन गेल्यावर मात्र स्टुअर्ट यांनी सगळं बाजूला ठेवलं. स्मारक समितीच्या कार्यकारी मंडळाचं काम त्यांनी पुढं होऊन बघितलं. राजकारणात एकमेकांविरुद्ध गेलेल्या मित्राची समाधी त्यांनी म्हातारपणी सांभाळली. १८८५ मध्ये ते गेले.

हे कलम कोण?

शेल्बी मूर कलम १८७७ ते १८८३ इलिनॉयचे राज्यपाल होते आणि त्यानंतर सलग तीस वर्षं अमेरिकी सिनेटर. (आपल्याकडचे राज्यपाल नेमलेले असतात. इथले निवडून येतात आणि सत्ताही त्यांच्याच हातात असते, म्हणून त्यांना मुख्यमंत्री समजून वाचा.) १८८७ चा आंतरराज्य व्यापार कायदा मुख्यतः त्यांच्यामुळं झाला. त्यानं पहिल्यांदा रेल्वे कंपन्यांच्या मनमानी भाड्यांना केंद्राचा लगाम बसला. इलिनॉयच्या मका पिकवणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही मोठी गोष्ट होती. वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारक व्हावं यासाठीही ते अखेरपर्यंत झटले. २८ जानेवारी १९१४ ला ते वारले आणि १२ फेब्रुवारीला, लिंकन यांच्या जन्मदिनी, त्या स्मारकाची पहिली कुदळ पडली. अवघ्या पंधरा दिवसांनी ती हुकली.

लिंकन यांचं प्रेत चोरायचा प्रयत्न झाला होता, ही अफवा ना?

अफवा नाही. ७ नोव्हेंबर १८७६ च्या रात्री ते खरंच घडलं.

शिकागोत बनावट नोटा छापणारी एक टोळी होती. तिचा कसबी खोदकाम करणारा बेंजामिन बॉइड तुरुंगात गेला आणि टोळीचा धंदा बसला. म्हणून त्यांनी बेत केला: लिंकन यांची शवपेटी पळवायची, इंडियानातल्या वाळूच्या टेकड्यांत पुरायची, आणि बॉइडची सुटका व २ लाख डॉलर मिळाल्याशिवाय परत द्यायची नाही. निवडणुकीची रात्र त्यांनी मुद्दाम निवडली. सगळं गाव निकालाच्या गर्दीत असणार आणि दफनभूमीकडे कोणी फिरकणार नाही, हा हिशेब. समाधीवर पहारेकरी नव्हता, दाराला साधं कुलूप होतं.

त्यांनी सोबत घेतलेला लुइस स्वेगल्स हा पोलिसांचा खबऱ्या निघाला. सीक्रेट सर्व्हिसचे पॅट्रिक टिरेल माणसं घेऊन आधीच आत लपून बसले होते. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून बूट काढून, थंड फरशीवर नुसत्या मोज्यांत. चोरांनी कुलूप तोडलं, संगमरवरी पेटीचं झाकण सरकवलं, आतली पेटी थोडी बाहेरही ओढली. स्वेगल्सनं इशारा दिला आणि पोलीस निघाले, तेवढ्यात एकाच्या पिस्तुलाचा चुकून बार उडाला. चोर पळाले. मग अंधारात पोलीस एकमेकांनाच चोर समजून गोळ्या झाडत राहिले. कोणाला लागलं नाही हे नशीब. टेरेन्स मलन आणि जॅक ह्यूझ दहा-बारा दिवसांत शिकागोत पकडले गेले. प्रेत पळवण्याबद्दल कडक शिक्षेचा कायदा तेव्हा इलिनॉयमध्ये नव्हता, म्हणून खटला चालला ७५ डॉलरच्या पेटीच्या चोरीचा. शिक्षा झाली एक वर्ष.

त्याच दिवशी कोण कुठे होतं बघा. कलम राज्यपाल म्हणून निवडून येत होते. विल्यम स्प्रिंगर पुन्हा काँग्रेसवर जात होते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या ज्या अधिवेशनानं टिल्डन यांना राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट दिलं, त्याचे अध्यक्ष जॉन मॅक्लर्नंड होते. आणि समाधीची जबाबदारी स्टुअर्ट यांच्यावर. हे चौघंही आज त्याच ओक रिजमध्ये, त्या दारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

मग त्यानंतर शवपेटी कुठे ठेवली?

तळघरात, लाकूडसामानाखाली लपवून. समाधीचे रखवालदार जॉन कॅरोल पॉवर आणि समितीतले काही वयस्क लोक यांनी रात्री ती जड पेटी स्वतः उचलून नेली. हे गुपित राखण्यासाठी नंतर एक छोटी मंडळीच तयार झाली. १८८७ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षं, देशभरातून आलेले लोक वरच्या रिकाम्या संगमरवरी पेटीपुढे टोप्या काढून उभे राहत होते. १८८२ मध्ये मेरी गेल्या, तेव्हा त्यांची पेटीही लिंकन यांच्याशेजारी तळघरात नेऊन ठेवली.

१९०१ मध्ये थोरला मुलगा रॉबर्ट यानं कायमचा बंदोबस्त केला. तो पुलमन रेल्वेडबे कंपनीचा प्रमुख होता. कंपनीचे संस्थापक जॉर्ज पुलमन १८९७ मध्ये वारले, तेव्हा चिडलेले कामगार कबर उकरतील या भीतीनं कुटुंबानं त्यांना काँक्रीटमध्ये पुरलं होतं. रॉबर्टनं तेच इथं केलं: दहा फूट खोल, लोखंडी पिंजरा, वर काँक्रीट. २६ सप्टेंबर १९०१ ला पेटी खाली सोडण्याआधी, आत खरंच तेच आहेत ना याची खात्री करायची की नाही यावर वाद झाला. शेवटी शिशाचं आवरण कापून २३ जणांनी चेहरा पाहिला. छत्तीस वर्षांनंतरही तो ओळखू येत होता, दाढी आणि गालावरचा तीळ सुद्धा. त्यांत फ्लीटवुड लिंडली नावाचा तेरा वर्षांचा मुलगा होता. वडिलांनी त्याला शाळेतून बोलावून घेतलं होतं. ज्यांनी तो चेहरा पाहिला त्यांतला तो शेवटचा, १९६३ मध्ये गेला.

बाहेरच्या पुतळ्याचं नाक एवढं चकचकीत का?

समाधीपुढं गटझन बोर्ग्लम यांनी घडवलेलं लिंकन यांचं ब्राँझचं मोठं मस्तक आहे. येणारा-जाणारा त्याच्या नाकाला हात लावतो, शुभ असतं म्हणून. बाकी चेहरा काळपट, नाक सोन्यासारखं पिवळं. लहान मुलांचा हात पोचत नाही, मग बाप उचलून धरतो. मी एकदा अर्धा तास कट्ट्यावर बसून बघत होते. एक आजोबा व्हीलचेअरवर आले. त्यांना नातवंडांनी दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं, त्यांनी नाकावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. आपल्याकडे देवळाच्या उंबऱ्याचा मधला भाग असाच झिजतो.

आत काय बघायला मिळतं?

समाधी ११७ फूट उंच आहे. आराखडा आणि बाहेरची शिल्पं लार्किन मीड यांची. १५ ऑक्टोबर १८७४ ला तिचं लोकार्पण झालं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ग्रँट हजर होते. पाया खचल्यामुळं ती दोनदा जवळजवळ नव्यानं बांधावी लागली. आजचं अंतरंग १९३१ चं. आत गोलाकार वाट आहे, कोपऱ्यांत लिंकन यांचे छोटे ब्राँझ पुतळे, आणि शेवटी तांबूस संगमरवराचा सात टनांचा दगड. लिंकन त्या दगडात नाहीत, त्याच्या खाली दहा फुटांवर आहेत. मागच्या बाजूला लिंकन यांचे युद्धमंत्री स्टँटन यांचे म्हणून प्रसिद्ध असलेले शब्द आहेत, ज्यांचा अर्थ, आता ते युगांचे झाले. समोरच्या भिंतीत मेरी आणि तीन मुलं: एडी, विली, टॅड. टॅड १८७१ मध्ये अठराव्या वर्षी गेला. समाधी पुरी झाली नव्हती, तरी तिच्यात पहिला तोच पुरला गेला.

आणि रॉबर्ट?

तो इथं नाही. पुढं युद्धमंत्री झालेला हा एकमेव जगलेला मुलगा व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला आहे. तो निर्णय त्याच्या पत्नीचा. त्यांचा मुलगा जॅक, म्हणजे दुसरा अब्राहम लिंकन, १८९० मध्ये लंडनला सोळाव्या वर्षी वारला आणि आजोबांपाशी पुरला होता. १९३० मध्ये त्यालाही आर्लिंग्टनला नेलं.

हेडमास्तरांना लिहिलेलं ते पत्र याच मुलाबद्दल होतं का?

मराठी पाहुण्यांचा हा हमखास प्रश्न. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर ते पत्र चौकटीत लावलेलं होतं आणि ते मला पाठ आहे. पण लिंकन यांच्या संग्रहित लेखनात असं पत्र नाही. ते त्यांच्या नावावर नंतर चिकटलं. मजकूर चांगला आहे, मुलांनी जरूर वाचावा, फक्त खाली लिंकन यांचं नाव लिहू नये. त्यांची खरी पत्रं याहून उजवी आहेत. ज्या कॉन्कलिंग यांनी दफनभूमीचं उद्घाटन केलं, त्यांनाच लिंकन यांनी ऑगस्ट १८६३ मध्ये स्प्रिंगफील्डच्या सभेत वाचून दाखवायला एक लांब पत्र पाठवलं. काळ्या सैनिकांना मुक्त करायचं वचन दिलंय ते पाळावंच लागेल, असं त्यांनी आपल्याच गावातल्या नाराज लोकांना ठणकावून सांगितलं.

आपला खरा धागा निराळा आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. ही समाधी पुरी व्हायच्या एक वर्ष आधी. पुण्यात बसून या माणसांची नोंद जोतीरावांनी घेतली होती, हे मी प्रत्येक पाहुण्याला त्या दगडापुढं उभं करून सांगते.

हर्नडन यांची कबर शोधायला कोण जातं?

फार थोडे, आणि जायला हवं. विल्यम हर्नडन हे लिंकन यांचे तिसरे आणि शेवटचे भागीदार, १८४४ पासून. (दुसरे स्टीफन लोगन, तेही इथंच. १८४८ मध्ये लिंकन यांच्या जागी काँग्रेसला उभे राहिले आणि पडले.) हर्नडन १८५४ मध्ये स्प्रिंगफील्डचे महापौर झाले. दारूच्या व्यसनानं त्यांनी स्वतःचं फार नुकसान करून घेतलं. पण लिंकन गेल्यावर ते गावोगाव फिरले, म्हाताऱ्या माणसांना गाठून आठवणी लिहून घेतल्या. तरुण लिंकनबद्दल आपल्याला आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं या एका माणसाच्या वहीतून आलेलं आहे. मेरी लिंकन त्यांच्यावर शेवटपर्यंत रागावलेल्या होत्या, आणि त्याला कारणंही होती. तरीही, त्यांनी तेव्हा लिहून घेतलं नसतं तर ती माणसं आपल्या आठवणी घेऊनच गेली असती.

आणखी कोण कोण आहे?

थोडक्यात सांगते. निनियन एडवर्ड्स, राज्याचे पहिल्या दोन सिनेटरांपैकी एक आणि तिसरे राज्यपाल. १८३३ मध्ये बेलव्हिलला पटकीनं गेले, नंतर इथं आणले. त्यांच्याच सुनेच्या घरी लिंकन आणि मेरी यांचं लग्न लागलं. सून मेरी यांची सख्खी बहीण. विल्यम बिसेल, इलिनॉयचे पहिले रिपब्लिकन राज्यपाल, १८६० मध्ये पदावर असतानाच वारले. त्याआधी १८५० मध्ये जेफर्सन डेव्हिस (पुढं यादवी युद्धात बंडखोर दक्षिणेचे अध्यक्ष) यांनी त्यांना द्वंद्वाचं आव्हान दिलं होतं आणि बिसेल यांनी ते स्वीकारलंही होतं. मध्यस्थीनं मिटलं. जॉन मॅक्लर्नंड, खासदार आणि यादवी युद्धातले सेनापती. डेमोक्रॅट असूनही लिंकन यांनी त्यांना सैन्य उभारायला दिलं. ग्रँट यांच्याशी त्यांचं पटलं नाही आणि १८६३ मध्ये त्यांना हटवलं गेलं. स्प्रिंगर यांच्या १८८९ च्या दुरुस्तीमुळं ओक्लाहोमातली जमीन वसाहतीला खुली झाली. त्या जमिनीवर आदिवासींना आधी हुसकून आणून बसवलं होतं, हे त्यांच्या कबरीपाशी विसरता येत नाही. जॉन टॅनर हे १९०१ पर्यंतचे राज्यपाल. राजकारणी नव्हे, पण राजकारण्यांना घाम फोडणारे खाणकामगारांचे पुढारी जॉन एल. लुइस हेही १९६९ पासून इथंच आहेत.

डग्लस इथं आहेत का?

नाहीत. ते शिकागोला, मिशिगन सरोवराजवळ. इलिनॉयचे युद्धकाळातले राज्यपाल यीट्स जॅक्सनव्हिलला, लिंकन यांच्या उमेदवारीची मोट बांधणारे डेव्हिड डेव्हिस ब्लूमिंग्टनला. पॉल पॉवेल यांच्याबद्दलही विचारतात. हे राज्याचे सचिव १९७० मध्ये गेले आणि स्प्रिंगफील्डच्या त्यांच्या हॉटेलच्या खोलीत बुटांच्या खोक्यांसह जवळपास ८ लाख डॉलर रोख सापडले. त्यांची कबर दूर दक्षिणेला व्हिएन्ना या गावी आहे.

आत जाताना चपला काढायच्या का?

काढायची पद्धत नाही. टोपी काढतात आणि हळू बोलतात. माझी आई आली होती, तिनं मात्र दारातच चपला काढल्या. मी काही म्हणणार तेवढ्यात ती त्या थंड फरशीवरून चालू लागली होती. दगडापुढं हात जोडले, मग वळून त्या तीन मुलांच्या नावांपुढंही जोडले. दारातल्या कर्मचाऱ्यानं तिच्या चपला उचलून भिंतीला नीट लावून ठेवल्या होत्या.

प्लेझंट प्लेन्सला कोण आहे?

पीटर कार्टराइट. मेथडिस्ट धर्मोपदेशक, घोड्यावरून गावोगाव फिरून प्रवचनं देणारे, आणि तितकेच पक्के राजकारणी. १८३२ मध्ये लिंकन आठवे आले, तेव्हा निवडून आलेल्या चौघांत कार्टराइट होते. १८४६ मध्ये दोघं काँग्रेससाठी समोरासमोर आले. लिंकन नास्तिक आहेत असा प्रचार कार्टराइट यांच्या बाजूनं झाला. लिंकन यांना त्यावर छापील खुलासा काढावा लागला. निकाल: लिंकन ६,३४० आणि कार्टराइट ४,८२९.

तेरा वर्षांनी, १८५९ मध्ये, कार्टराइट यांच्या नातवावर खुनाचा आरोप आला. बचावाचा वकील म्हणून उभे राहिले लिंकन. म्हातारे कार्टराइट साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आले. मरणाऱ्या तरुणानं शेवटी आपल्या नातवाला माफ केलं होतं, असं त्यांनी सांगितलं. ज्याला त्यांनी धर्मबुडवा ठरवलं होतं, तोच त्यांना एकेक प्रश्न विचारत होता. नातू सुटला. कार्टराइट १८७२ मध्ये गेले, लिंकन यांच्यानंतर सात वर्षांनी. ओक रिजहून इथं यायला अर्ध्या तासाहून कमी वेळ लागतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, आणि बहुतेक वेळा दफनभूमीत तुमच्याशिवाय कोणी नसतं.